ओळखपत्रावरचे रकाने

राष्ट्रीय ओळखपत्रे आणि त्यांवर नोंदली जाणारी वैयक्तिक माहिती यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या वेळी उत्तरांसाठी घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : निरनिराळ्या देशांच्या राष्ट्रीय ओळखपत्रांवर नेमकी कोणती माहिती असते? ती सगळीकडे सारखीच असते का?

उत्तर : नाव, जन्मतारीख, छायाचित्र, नागरिकत्व, क्रमांक आणि मुदत एवढे बहुतेक ठिकाणी सापडते, त्यापुढे मात्र प्रत्येक देशाने आपापल्या सोयीने आणि आपापल्या इतिहासाला धरून रकाने वाढवले किंवा गाळले आहेत. जर्मनीच्या ओळखपत्रावर धारकाची उंची, डोळ्यांचा रंग आणि पत्ता असतो, डॉक्टरेट असल्यास तिचाही उल्लेख करता येतो, पण धारक स्त्री आहे की पुरुष याची नोंद त्यावर छापलेली नसते. तेथे घर बदलले की नवे ओळखपत्र काढावे लागत नाही. नागरी कार्यालयात जुन्या पत्त्यावर नव्या पत्त्याची चिकटपट्टी लावून देतात आणि चिपमधील नोंद बदलतात. इजिप्तच्या ओळखपत्रावर धर्म, व्यवसाय आणि वैवाहिक स्थिती असते, शिवाय विवाहित स्त्रीच्या ओळखपत्रावर पतीचे नाव येते. इंडोनेशियाच्या ओळखपत्रावरही धर्म आणि व्यवसाय यांचे रकाने आहेत. ओळखपत्र हातात घेऊन पाहणाऱ्या पोलिसाला किंवा बँकेतल्या कारकुनाला यांतील किती गोष्टींची खरोखर गरज पडते, याचा विचार रकाने आखताना फारसा झालेला दिसत नाही.

छापलेली माहिती हा या व्यवस्थेचा सर्वांत लहान भाग असतो, हे मात्र ध्यानात घ्यावे. तिच्याखाली चिपमध्ये साठवलेली माहिती असते, जी धारकाला डोळ्यांनी दिसत नाही. त्याखाली सरकारी नोंदवही असते. ओळखपत्र हा तिच्यातील एका ओळीचा उतारा म्हणता येईल. आणि सर्वांत खाली, ओळखपत्र केव्हा, कोठे आणि कोणापुढे वापरले गेले याची आपोआप तयार होत जाणारी नोंद असते. ही शेवटची नोंद कोणी भरून दिलेली नसते, तिच्यासाठी कोणी अर्जही केलेला नसतो, आणि तरीही माणसाविषयी सर्वांत जास्त बोलते ती तीच : तो कोणत्या दवाखान्यात गेला, कोठे भत्ता घेतला, कोणत्या शहरात किती वेळा उतरला. ओळखपत्राविषयीच्या चर्चा पुष्कळदा वरच्या थराशीच थांबतात. एस्टोनियात २००२ पासून चिप असलेले ओळखपत्र आहे आणि ते जवळजवळ प्रत्येक सरकारी व्यवहारात वापरले जाते. मात्र तेथील नागरिकाला सरकारी संकेतस्थळावर आपली नोंद कोणत्या खात्याने केव्हा उघडून पाहिली हे तपासता येते. नागरिकाने दाराशी उभे राहून कार्यालयाकडे बघावे अशी ही सोय आहे, आणि इतर देशांनी एस्टोनियाकडून चिप घेण्याआधी ही सोय घ्यायला हवी होती, असे आमचे मत आहे.

प्रश्न : ओळख क्रमांक हा नुसता क्रमांकच असतो ना? त्यातून माझ्याविषयी काय कळणार?

उत्तर : तो क्रमांक कसा बनवला आहे, यावर ते अवलंबून आहे. स्वीडनने १९४७ साली प्रत्येक रहिवाशाला व्यक्तिगत क्रमांक दिला. त्याची सुरुवात जन्मतारखेने होते आणि शेवटून दुसरा अंक विषम असेल तर पुरुष, सम असेल तर स्त्री. एस्टोनियाच्या ११ अंकी क्रमांकात पहिल्याच अंकात लिंग आणि जन्माचे शतक गुंफलेले आहे आणि पुढच्या सहा अंकांत जन्मतारीख आहे. दक्षिण कोरियाचा १३ अंकी निवासी नोंदणी क्रमांक याहून बोलका होता : पहिले सहा अंक जन्मतारखेचे, सातवा लिंगाचा आणि शतकाचा, त्यापुढचे चार ज्या भागात नोंदणी झाली त्याचे. एखाद्याचा जन्मदिवस आणि गाव ठाऊक असले की क्रमांकाचा बहुतांश भाग अंदाजाने लिहिता येई. १९६८ च्या जानेवारीत उत्तर कोरियाच्या कमांडोंनी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानावर हल्ल्याचा प्रयत्न केला, त्यानंतर घुसखोर ओळखता यावेत म्हणून ही व्यवस्था उभी राहिली होती. पण पुढे बँक, दूरध्वनी, संकेतस्थळांवरील नोंदणी अशा सगळ्या ठिकाणी तोच क्रमांक मागितला जाऊ लागला. २०१४ साली सुमारे दोन कोटी क्रेडिट कार्डधारकांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले, तेव्हा या क्रमांकाचा दुसरा दोष समोर आला : तो जन्मभरासाठी दिलेला होता आणि बदलता येत नव्हता. घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर २०१७ च्या मे महिन्यापासून, माहिती फुटल्याने ज्यांचे नुकसान झाले वा होऊ शकते त्यांना तो बदलून मिळू लागला, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून नव्या क्रमांकांतून प्रदेशाचे अंक काढून तेथे यादृच्छिक, म्हणजे कसलाही अर्थ नसलेले अंक घालण्यात आले.

याच्या उलट आधारचा १२ अंकी क्रमांक पहिल्यापासूनच यादृच्छिक ठेवलेला आहे. त्यावरून धारकाचे वय, लिंग किंवा राज्य काढता येत नाही. ही रचना निःसंशय चांगली आहे. तरीही क्रमांक मुका असला म्हणजे भागले, असे नाही. एकच क्रमांक दहा खात्यांत वापरला गेला की तो त्या दहा खात्यांतील माहिती एकमेकांशी जोडणारा धागा होतो, मग त्याच्या अंकांत अर्थ असो वा नसो. पोर्तुगालच्या राज्यघटनेच्या ३५ व्या कलमात नागरिकांना एकच राष्ट्रीय क्रमांक देण्यास स्पष्ट मनाई आहे, आणि म्हणून तेथील नागरिकाच्या कार्डावर नागरी ओळख, कर, सामाजिक सुरक्षा आणि आरोग्य यांचे वेगवेगळे क्रमांक छापलेले असतात. सर्व कामांसाठी एकच व्यक्तिगत क्रमांक वापरणे घटनाबाह्य आहे, असा निर्णय हंगेरीच्या घटनात्मक न्यायालयाने १९९१ साली दिला. जर्मनीत ओळखपत्राचा क्रमांक ओळखपत्राचा असतो, माणसाचा नसतो. नवे ओळखपत्र काढले की क्रमांकही नवा मिळतो. हुकूमशाही ज्यांनी अनुभवली त्याच देशांना या धाग्याची धास्ती अधिक वाटावी, हा योगायोग नव्हे.

प्रश्न : काही देशांच्या ओळखपत्राच्या मागील बाजूस बाणासारख्या खुणा असलेल्या तीन ओळी असतात. त्यांत काही गुप्त माहिती असते का?

उत्तर : नाही. त्या ओळी यंत्राला वाचता याव्यात म्हणून असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यांचा नमुना ठरवून दिलेला आहे आणि प्रत्येक ओळीत ३० जागा असतात. पहिल्या ओळीत दस्तऐवजाचा प्रकार, देश आणि क्रमांक, दुसरीत जन्मतारीख, लिंग, मुदत आणि नागरिकत्व, तिसरीत नाव. बाण रिकाम्या जागा भरण्यासाठी असतात. गुप्त वाटणारे जे सुटे अंक मध्ये दिसतात ते तपासणी अंक होत. जन्मतारीख ८५०३२६ अशी असेल, म्हणजे १९८५ च्या मार्चची २६ तारीख, तर तिच्या अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ यांनी गुणायचे : ५६, १५, ०, २१, ६, ६. बेरीज १०४ येते. तिचा शेवटचा अंक ४, तोच तारखेपुढे छापला जातो. टंकताना २६ चे चुकून ६२ झाले तर बेरीज ११२ येते, ४ च्या जागी २ मिळतो आणि यंत्र लगेच हरकत घेते. युक्ती साधी आहे, पण कोणी जाणूनबुजून खोटी तारीख घालून नवा तपासणी अंक काढला तर ती त्याला अडवू शकत नाही. बनावट ओळखपत्र पकडण्याचे काम चिपमधील डिजिटल सही करते.

प्रश्न : ओळखपत्रावर धर्माची किंवा वंशाची नोंद असली तर बिघडते कोठे? माणूस तर आपला धर्म उघडपणेच पाळतो.

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर रवांडाच्या ओळखपत्रावरून सुरू करावे लागेल. बेल्जियन प्रशासनाने १९३० च्या दशकात तेथील प्रत्येक प्रौढाला जे ओळखपत्र दिले त्यावर वांशिक गटाची नोंद होती, आणि स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांनी ती चालू ठेवली. नंतरच्या काळातील ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा आणि नागरिकत्व घेतलेला परकी असे चार शब्द एका ओळीत छापलेले असत. कारकून लागू नसलेल्या शब्दांवर पेनाने रेघ मारी आणि एक शब्द तसाच ठेवी. मूल बापाच्या गटात धरले जाई. हुतू आणि तुत्सी यांची भाषा एक, धर्म बहुतांशी एक, एकाच टेकडीवर घरे, आणि परस्परांत विवाहही होत. चेहऱ्यावरून कोणाला खात्रीने ओळखता येईल अशी स्थिती नव्हती. १९९४ च्या एप्रिलपासून सुमारे शंभर दिवस रस्त्यारस्त्यांवर अडथळे उभारून माणसांना ओळखपत्र मागितले गेले, आणि न खोडलेला शब्द कोणता आहे यावरून पुढे काय होणार ते ठरे. त्या शंभर दिवसांत मारल्या गेलेल्यांचा आकडा साधारणपणे आठ लाख किंवा त्याहून अधिक सांगितला जातो. द्वेष ओळखपत्राने निर्माण केला असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्याला शेजाऱ्याखेरीज कोणी ओळखत नव्हते त्याला परक्या गावच्या नाक्यावरही ओळखता येईल, ही सोय ओळखपत्राने केली. नरसंहारानंतर तो रकाना काढून टाकण्यात आला.

नेदरलँड्सचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण तेथे दोष दुष्ट हेतूचा कमी आणि व्यवस्थितपणाचा अधिक होता. डच नगरपालिकांच्या लोकसंख्या नोंदवह्यांत धर्माची नोंद युद्धाच्या पूर्वीपासून होती आणि तीत वावगे काही आहे असे कोणाला वाटले नव्हते. राष्ट्रीय ओळखपत्राची कल्पना मात्र डच सरकारने युद्धापूर्वी नाकारली होती. लोकसंख्या नोंदणीचे प्रमुख याकोब लेंट्स यांनी आखलेले आणि नक्कल करण्यास अतिशय अवघड असे ओळखपत्र जर्मनांच्या ताब्यात देश गेल्यावर १९४१ साली आले, आणि ज्यूंच्या ओळखपत्रावर त्यांच्या धर्माचे आद्याक्षर ठळकपणे उमटवले गेले. ओळखपत्र बनावट बनवून उपयोग होत नसे, कारण नोंदवहीशी ताडून पाहिले की लबाडी उघडी पडे. म्हणून २७ मार्च १९४३ च्या रात्री पोलिसांच्या वेशात आलेल्या प्रतिकारकांनी, ज्यांत चित्रकार विलेम अरोंडेउस आणि शिल्पकार खेरिट फान डेर फेन होते, ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरून कपाटे रिकामी केली, कागदांचे ढीग रचले आणि आग लावली. आग विझवायला आलेल्या जवानांनी सहानुभूतीपोटी हात सैल सोडला आणि नंतर गरजेपेक्षा जास्त पाणी मारून उरलेली कार्डे भिजवली, असे सांगतात. एवढे करूनही सुमारे १५ टक्केच नोंदी नष्ट झाल्या, आणि कटातील १२ जणांना १ जुलै रोजी गोळ्या घालण्यात आल्या. ओळखपत्रांच्या दुसऱ्या प्रती हेगमधील क्लाइकाम्प या इमारतीत होत्या. प्रतिकारकांच्याच विनंतीवरून ११ एप्रिल १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी त्या इमारतीवर बॉम्ब टाकले, त्यात तेथे काम करणारे अनेक डच कर्मचारीही मेले. चांगली नोंद ठेवणे सोपे असते. ती पुसण्याची वेळ आली तर काय लागते, ते यावरून दिसते.

हे युद्धकाळातले झाले, शांततेत काय अडचण आहे, असे आपण विचाराल. तुर्कस्तानातील अलेवी पंथाच्या एका नागरिकाने आपल्या ओळखपत्रावरील 'इस्लाम' या नोंदीऐवजी 'अलेवी' असे लिहावे अशी मागणी केली. तेथील न्यायालयाने ती फेटाळली आणि प्रकरण युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. दरम्यान तुर्कस्तानने तो रकाना कोरा ठेवण्याची मुभा दिली होती, आणि वरवर पाहता तंटा तेथे मिटायला हवा होता. पण २ फेब्रुवारी २०१० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की दोष रकाना असण्यातच आहे : ज्याने तो कोरा ठेवला तो चारचौघांत वेगळा उठून दिसतो, म्हणजे न बोलण्याचा हक्क बजावतानाही त्याला काहीतरी बोलावेच लागते. इजिप्तमध्ये संगणकाला इस्लाम, ख्रिस्ती आणि यहुदी एवढेच तीन पर्याय ठाऊक होते, त्यामुळे बहाई नागरिकांना खोटा धर्म लिहून घ्यायचा किंवा ओळखपत्रावाचून राहायचे असा पेच पडे. ओळखपत्र नाही म्हणून मुलाचा शाळाप्रवेश अडे आणि बँकेचे काम अडे. न्यायालयांच्या निर्णयांनंतर २००९ साली त्यांना धर्माच्या जागी नुसती आडवी रेघ असलेली ओळखपत्रे मिळू लागली. ती रेघही अर्थात बोलतेच. ग्रीसने २००० साली धर्माचा रकाना सरळ काढून टाकला. तेथील चर्चने त्याविरुद्ध मोठमोठ्या सभा भरवल्या आणि लाखो सह्या गोळा केल्या, पण रकाना परत आला नाही. आपण म्हणता तसे माणूस धर्म उघडपणे पाळतो हे खरे आहे. मात्र तो कोणापुढे पाळायचा हे तो स्वतः ठरवतो. ओळखपत्र त्याच्या वतीने प्रत्येक खिडकीवर ते सांगत सुटते.

प्रश्न : ज्याने काही गैर केलेले नाही त्याला ओळखपत्र दाखवायला संकोच का वाटावा?

उत्तर : ब्रिटनमध्ये हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये, युद्ध सुरू होताच, तेथे सर्वांची नोंदणी करून ओळखपत्रे देण्यात आली. उद्देश तीन होते, सैन्यभरती, सुरक्षा आणि शिधावाटप. युद्ध संपले तरी ओळखपत्र राहिले, आणि १९५० पर्यंत त्याचा उपयोग करणाऱ्या सरकारी कामांची संख्या ३९ वर गेली होती. त्या वर्षीच्या ७ डिसेंबरला उत्तर लंडनमध्ये क्लॅरेन्स विल्कॉक यांची मोटार पोलिसांनी वेगाच्या कारणावरून थांबवली आणि ओळखपत्र मागितले. विल्कॉक यांनी, आपण लिबरल आहोत आणि असल्या गोष्टींच्या विरोधात आहोत, असे सांगून ते दाखवण्यास नकार दिला. कायदा पोलिसांच्या बाजूने होता, त्यामुळे वरिष्ठ न्यायालयातही ते दोषीच ठरले. पण शिक्षा झाली नाही, आणि सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी युद्धासाठी केलेला कायदा असा उठसूट वापरल्याने कायदा पाळणारे लोक कायदा मोडणारे होतात, असा शेरा मारला. १९५२ च्या फेब्रुवारीत ओळखपत्रे बंद झाली. तेथे २००६ साली नव्याने कायदा करून ती परत आणण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या सरकारने तो कायदा २०१० मध्ये रद्द केला आणि नोंदवहीच्या हार्डडिस्क यंत्रात घालून त्यांचा चुरा केला.

मुद्दा लपवण्याचा नाहीच. ज्या कामासाठी माहिती दिली तेवढ्यापुरतीच ती वापरली जाईल, हा विश्वास तीनाचे एकोणचाळीस होताना मोडतो, आणि मोडताना कोणी नागरिकाला विचारत नाही. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेच्या प्रकरणात हेच अधिक नेमकेपणाने मांडले : आपल्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे याचा अंदाज ज्याला येत नाही, तो मोकळेपणाने वागेनासा होतो, म्हणून आपली माहिती कोठे जावी हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचाच आहे.

प्रश्न : बोटांचे ठसे घेतल्याने ओळखपत्र अधिक सुरक्षित होते का? आणि ओळखपत्राची झेरॉक्स देताना काय काळजी घ्यावी?

उत्तर : ठसे कोठे ठेवले जातात, हा पहिला प्रश्न विचारावा. युरोपीय संघाने २०१९ साली केलेल्या आणि २०२५ मध्ये नव्या स्वरूपात पुन्हा मंजूर केलेल्या नियमानुसार सदस्य देशांच्या ओळखपत्रांच्या चिपमध्ये दोन बोटांचे ठसे असतात, परंतु ओळखपत्र बनवण्यासाठी घेतलेले ठसे कार्यालयाला ते ओळखपत्र धारकाच्या हाती पडेपर्यंतच, आणि कोणत्याही परिस्थितीत ९० दिवसांपलीकडे नाही, ठेवता येतात, राष्ट्रीय कायद्याने वेगळी तरतूद केलेली नसेल तर. म्हणजे ठसा धारकाच्या खिशात राहतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०२४ च्या मार्चमध्ये २०१९ चा नियम चुकीच्या कायदेशीर आधारावर केल्याचा निर्णय दिला, तरी ठसे घेणे मुळात गैर ठरवले नाही. ठसे मध्यवर्ती साठ्यात ठेवण्याची पद्धत निराळी आहे. आधारमध्ये दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही बुबुळांची नोंद अशीच साठवली जाते. एकच माणूस दोनदा नोंदला जाऊ नये, हे काम मध्यवर्ती साठ्याशिवाय होत नाही, हे खरे. परंतु हा साठा फुटला तर काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही, कारण नवा क्रमांक देता येतो, नवी बोटे देता येत नाहीत. चिपही निर्दोष असतेच असे नाही. २०१७ साली संशोधकांना एस्टोनियाच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांतील चिपमध्ये एक दोष सापडला आणि नोव्हेंबरमध्ये त्यांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. तो दोष चिपमध्ये गुप्त किल्ली तयार करण्याच्या पद्धतीत होता, म्हणून किल्ल्या नव्या करून काम भागले. बोटांच्या बाबतीत तो मार्ग उपलब्ध नसतो.

झेरॉक्सविषयी. ओळखपत्र दाखवून परत घेण्याने काम होत असेल तर प्रत देऊच नये. द्यावीच लागली तर प्रतीवर, मजकुरावरून आडवे जाईल असे, ती कोणाला, कोणत्या कामासाठी आणि कोणत्या तारखेला दिली ते लिहावे, आणि त्या कामाला न लागणारा क्रमांक किंवा पत्ता काळा करावा; नेदरलँड्सच्या सरकारने मोबाइलवर हेच करून देणारे एक ॲप नागरिकांना दिलेले आहे. वयाचा पुरावा मागणाऱ्याला खरे पाहता जन्मतारखेची गरज नसते. जर्मनीच्या ओळखपत्रातील चिपला "धारकाचे वय १८ पूर्ण आहे का" असे विचारता येते आणि ती होय किंवा नाही एवढेच उत्तर देते, तारीख सांगत नाही. अशी सोय जेथे नाही, तेथे समोरच्याने मागितलेली प्रत कायद्याने आवश्यक आहे की त्याच्या सोयीसाठी हवी आहे, हे विचारून घ्यावे आणि सोयीसाठी असेल तर नुसते ओळखपत्र दाखवून चालेल का ते पाहावे.